बेघरांची मोजणी : आकड्याकडून नावाकडे

(शहरी भागात सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या सत्राचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर 'बेघरांची समस्या' असा छापला आहे. समस्या म्हटले की आपले मन तत्काळ उपायांकडे धावते. निवारा बांधू, अन्न देऊ, थंडी आली की ब्लँकेटे वाटू. माझी विनंती अशी की, आज थोडा वेळ उपाय बाजूला ठेवावेत आणि एका साध्या प्रश्नाचा विचार करावा. आपल्या नगरात, आपल्या प्रभागात, काल रात्री उघड्यावर किती माणसे झोपली होती?

प्रभागात मतदार किती, गणेश मंडळे किती, शाळा किती, हे आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असते. हा एक आकडा मात्र कुणालाच सांगता येत नाही. जे सांगतात ते अंदाजाने सांगतात, आणि अंदाज सांगणाऱ्याच्या मनाप्रमाणे लहानमोठा होतो. ज्याला निधी हवा असतो त्याचा आकडा मोठा असतो; ज्याला शहर स्वच्छ आणि सुंदर असल्याचे दाखवायचे असते त्याचा आकडा लहान असतो. रस्त्यावरचा माणूस या दोन्ही आकड्यांच्या बाहेरच राहतो.

शासनाची अधिकृत मोजणी दर दहा वर्षांनी जनगणनेत होते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची गणना झाली. ज्यांना भिंती आणि छप्पर असलेले घर नाही, जे रस्त्याच्या कडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळांत, उड्डाणपुलांखाली, जिन्यांखाली, रेल्वे फलाटांवर किंवा देवळांच्या आवारात उघड्यावर राहतात, ते बेघर, अशी जनगणनेची व्याख्या आहे. या व्याख्येप्रमाणे त्या रात्री देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर आढळली. २००१ मध्ये हीच संख्या १९ लाख ४३ हजार होती. म्हणजे देशातील बेघरांची संख्या घटली, असे आपण म्हणू आणि ते खोटेही नाही. पण हीच बेरीज फोडून पाहावी. ग्रामीण भागातील बेघर ११ लाख ६५ हजारांवरून सुमारे ८ लाख ३५ हजारांवर आले, आणि शहरांतील बेघर ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. गावात कमी झाले, शहरात वाढले. एकूण बेरजेत शहराची वाढ झाकली गेली. महाराष्ट्राचा आकडा २ लाख १० हजारांच्या पुढे होता आणि उत्तर प्रदेशाखालोखाल आपला क्रमांक लागत होता. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता मुंबईकडे या. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. पुढे २०१९ मध्ये महापालिकेने करवून घेतलेल्या सर्वेक्षणात हा आकडा सुमारे १२ हजारांवर आला. आठ वर्षांत पंचेचाळीस हजार माणसांना मुंबईत घरे मिळाली असती तर तो जगातला एक विक्रम ठरला असता आणि आपण सर्वांनी तो साजरा केला असता. तसे काही घडल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही. फरक पडतो तो मोजण्याच्या पद्धतीने. मोजणी कोणत्या महिन्यात केली, रात्री किती वाजता केली, प्लास्टिकचा कागद टाकून पदपथावर वर्षानुवर्षे राहणारे कुटुंब 'झोपडीवासी' धरले की 'बेघर' धरले, मोजणाऱ्याला त्या गल्लीची माहिती होती की तो पहिल्यांदाच तिथे उतरला होता, यावर आकडा ठरतो. आणि आकडा ठरला की निवाऱ्यांची गरज ठरते. आकडा पाचपटीने घटला की गरजही कागदावर तितकीच घटते. म्हणून मोजणीचा प्रश्न हा संख्याशास्त्रज्ञांपुरता नाही.

या मागणीला न्यायालयीन आधारही आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत एक तात्पुरता निवारा पाडला गेल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि त्यातून दर एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा असावा, तो बाराही महिने आणि चोवीस तास उघडा असावा, असा दंडक मोठ्या शहरांसाठी ठरला. २०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियान सुरू केले. त्याला पुढे पंडित दीनदयाळजींचे नाव देण्यात आले. त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची स्वतंत्र योजना होती. प्रत्येक माणसामागे किमान ५० चौरस फूट जागा, आणि निवारा बेघर माणसे जिथे राहतात व काम करतात त्याच्या जवळ, ही तिची मार्गदर्शक तत्त्वे होती. सव्वा कोटी वस्तीच्या मुंबईला या हिशेबाने सव्वाशे निवारे हवेत. त्याच्या जवळपासही मुंबई पोहोचलेली नाही. आणि 'जवळ' या शब्दाचे महत्त्व तर फारच थोड्यांना कळले. घाऊक बाजारात पहाटे तीनला माल उतरवणाऱ्या हमालाला शहराच्या दुसऱ्या टोकाला खाट दिली तर तो ती घेणार नाही. मग वृत्त येते की निवाऱ्यातील खाटा रिकाम्या आहेत, या लोकांनाच रस्ता आवडतो. रस्ता कुणालाही आवडत नाही, बंधूंनो. त्याला पहाटेची मजुरी हवी असते.

आपल्या परंपरेत घर नसणे ही नेहमीच दैन्याची गोष्ट नव्हती. संन्याशाला अनिकेत म्हणत, आणि ते त्याच्या मोठेपणाचे विशेषण होते. पण त्याने घर स्वतः सोडलेले असते. ज्याला घराने सोडले, गावाने सोडले किंवा दुष्काळाने हाकलले, त्याच्यावर वैराग्याची झूल घालून आपण मोकळे होऊ शकत नाही. गाडगेबाबांना हे नेमके ठाऊक होते. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली आणि स्वतः मात्र त्यांपैकी एकाही धर्मशाळेत आपले बिऱ्हाड केले नाही. कुठे किती माणसे उघड्यावर पडतात हे झाडू हातात घेऊन फिरल्यामुळे त्यांना दिसत असे. त्यांच्या धर्मशाळा यात्रेच्या आणि रुग्णालयांच्या गावी उभ्या राहिल्या याला कारण आहे. गरज जिथे रात्री प्रत्यक्ष झोपते तिथे त्यांनी वीट ठेवली.

आता थोडे परदेशाकडे पाहू. अमेरिकेत दर जानेवारीत एका रात्री बेघरांची देशभर मोजणी होते. मोठे मनुष्यबळ आणि मोठा पैसा त्यात लागतो. २०२४ च्या जानेवारीत तिथे ७ लाख ७१ हजार बेघर मोजले गेले, आणि ही मोजणी सुरू झाल्यापासूनची ती सर्वांत मोठी संख्या होती. म्हणजे केवळ मोजल्याने संख्या घटत नाही. पण त्याच देशातील रॉकफर्ड या इलिनॉय राज्यातील दीड लाख वस्तीच्या शहराने वेगळा मार्ग धरला. वर्षातून एकदा डोकी मोजणे त्यांनी पुरेसे मानले नाही. शहरातील प्रत्येक बेघर माणसाची नावनिशीवार यादी केली आणि ती दर आठवड्याला ताजी ठेवली. महापालिका, रुग्णालय, पोलीस, चर्चची मंडळे, सेवाभावी संस्था सारे एकाच टेबलाभोवती बसून यादीतील एकेका नावावर बोलू लागले. हा कुठे आहे, त्याला काय हवे आहे, गेल्या आठवड्यात काय झाले. २०१७ च्या सुरुवातीपर्यंत माजी सैनिक आणि दीर्घकाळ रस्त्यावर असलेले लोक या दोन्ही गटांत त्या शहराने बेघरपणा 'कार्यात्मक शून्या'वर आणल्याचे जाहीर झाले. शून्य म्हणजे तिथे पुन्हा कुणी बेघर होतच नाही असे नव्हे. एखादा नव्याने रस्त्यावर आला तर त्याचे नाव लगेच यादीत येते, आणि महिनाभरात जितके लोक रस्त्यावर येतात त्यांहून अधिकांना घर देण्याची व्यवस्था शहरापाशी सज्ज असते, असा त्याचा अर्थ.

फिनलंड या छोट्या देशाने १९८७ पासून दर नोव्हेंबरमध्ये मोजणी केली. सुरुवातीला तिथे सुमारे १८ हजार बेघर होते. २००८ पासून 'आधी घर, मग बाकीचे' हे धोरण स्वीकारले आणि २०२३ पर्यंत संख्या साडेतीन हजारांच्या आत आली. विशेष म्हणजे नातेवाईक किंवा मित्रांकडे तात्पुरते पडून राहणाऱ्यालाही फिनलंड बेघर मोजतो. व्याख्या रुंद ठेवूनही त्यांनी संख्या उतरवली. २०२४ मध्ये ती पुन्हा थोडी वाढली, आणि दरवर्षी मोजत असल्यामुळे ती वाढ त्यांना त्याच वर्षी कळली. आपल्याकडे २०११ नंतर काय झाले ते राष्ट्रीय पातळीवर सांगता येत नाही, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही.

कुणी म्हणेल, रॉकफर्ड आणि फिनलंड येथे पैसा आहे, आपल्याकडे नाही. पैशाचे पुढे बोलू. पण नावाने ओळखण्याची पद्धत आपल्याला परकी नाही. मुंबईत १९८१ मध्ये पदपथवासीयांना हुसकावण्याची मोहीम निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले, पण पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथांवर राहणाऱ्यांची स्वतंत्र गणना केली आणि तिच्या अहवालाला 'आम्ही अदृश्य' अशा अर्थाचे शीर्षक दिले. हे भिकारी आणि उपटसुंभ आहेत हा जो समज होता, तो त्या गणनेने खोडून काढला. ती कुटुंबे होती, वर्षानुवर्षे तिथेच राहत होती, आणि कामाच्या ठिकाणी चालत जाता यावे म्हणून तिथे राहत होती. त्याच स्त्रियांनी पुढे बचतगट बांधले, घराचे आराखडे स्वतः आखले आणि त्यांतील कित्येक कुटुंबे मानखुर्दला पक्क्या घरांत गेली. त्या संस्थेच्या साऱ्या विचारांशी आपण सहमत असू वा नसू. माणसे मोजली, नावे लिहिली, आणि त्या नावांच्या बळावर घर मागता आले, ही गोष्ट नाकारता येत नाही.

आता आपल्या कामाकडे वळतो. प्रभागात मोजणी करायची तर कशी करावी?

दिवसा करू नये. दुकाने बंद होऊन शटर खाली आल्यावर पायऱ्यांवर पथाऱ्या पडतात, म्हणून रात्री अकरानंतर निघावे. एकाच रात्रीवर विसंबू नये. पावसाळ्यात माणसे पुलाखाली आणि फलाटांवर सरकतात, हिवाळ्यात शेकोटीजवळ एकत्र येतात, यात्रेच्या दिवसांत देवळाच्या आवारात संख्या फुगते. म्हणून किमान दोन ऋतूंत मोजावे. आधी नकाशा करावा आणि तो करताना पोलीस चौकीपेक्षा चहावाला, रिक्षावाला, पहाटेचा सफाई कर्मचारी आणि रात्रपाळीचा रखवालदार यांना विचारावे. त्यांना सारे ठाऊक असते.

सर्वांत जास्त चुकतात त्या स्त्रिया. एकटी स्त्री रात्री पदपथावर आडवी होत नाही. ती रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या ओसरीत रुग्णाची नातेवाईक म्हणून बसते, स्थानकाच्या प्रतीक्षालयात जागते आणि दिवसा कुठेतरी बागेत डोळा लावते. तुमची रात्रीची फेरी तिच्याजवळून निघून जाईल आणि वहीत लिहिले जाईल की या भागात बेघर स्त्रिया नाहीत. म्हणून फेरीत भगिनी असल्याच पाहिजेत आणि दिवसाची एक फेरी वेगळी असली पाहिजे. मुलांचेही तसेच.

वहीत काय लिहावे? नाव, अंदाजे वय, किती दिवसांपासून, कुठून आला, काय काम करतो, सोबत कुणी आहे का, आजार आहे का, कोणती कागदपत्रे आहेत. आणि एक रकाना मोठा ठेवावा, 'का' या प्रश्नाचा. तो एका भेटीत भरत नाही. पहिल्या रात्री तो माणूस सांगेल की गावाला घर आहे, कामासाठी आलो आहे. चौथ्या भेटीत कळते की घरी भावाने हिस्सा दिला नाही, किंवा बायकोच्या आजारपणात घर गेले. म्हणून पहिल्या रात्री फार विचारू नये. छायाचित्र तर काढूच नये. माणूस झोपलेला असताना त्याचे छायाचित्र काढणे हे आपल्या घरात कुणी शिरून काढण्यासारखेच आहे. फरक एवढाच की त्याला दार नाही.

ही यादी तयार झाली की 'बेघर' हा एकच गठ्ठा उलगडतो. त्यात कष्टकरी आहे. हमाल, बिगारी, लग्नकार्यात वाढपी म्हणून जाणारा, मजूर अड्ड्यावर उभा राहणारा. त्याला काम आहे, घर नाही, कारण खोलीच्या भाड्याआधी अनामत रक्कम मागितली जाते आणि ओळखपत्र मागितले जाते. त्याला दानाची गरज नाही. सुरक्षित जागा, कुलूप लावता येईल अशी पेटी, अंघोळीची सोय आणि काही महिन्यांनी अनामतीपुरते कर्ज मिळाले तर तो स्वतःच्या पायावर खोली घेतो. २०२४ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. त्यात अशांसाठी जागा मागण्याचे काम आपल्या नगरसेवकांकडून करून घेता येईल.

त्यात रुग्णाचे नातेवाईक आहेत. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर कर्करोगाचा रुग्ण आणि त्याची आई महिनोन्‌महिने राहतात. गावाला त्यांचे घर आहे, म्हणून ती व्याख्येत कदाचित बसणार नाहीत. पण उपचार सुरू असेतोवर ती बेघरच असतात. परळच्याच नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्ण सेवा सदनासारखी कामे याच गरजेतून उभी राहिली. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाबाहेर ही गरज आहे.

त्यात मनोरुग्ण आहेत. फाटक्या कपड्यांत, स्वतःशी बोलत फिरणारी माणसे आपण 'वेडा' म्हणून ओलांडून जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे असा माणूस पोलिसांनी संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचा आहे, आणि तो बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून त्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. हे कलम किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरून उचललेल्या हजारो रुग्णांना उपचार करून देशाच्या कानाकोपऱ्यांतील त्यांच्या घरी पोहोचवले आणि २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांतील कित्येकांची घरे शाबूत होती. दहा-दहा वर्षे घरचे वाट पाहत होते. अशा माणसाला घर बांधून देण्याची गरज नसते, त्याला औषध आणि परतीचे तिकीट हवे असते. नाव विचारल्याशिवाय हे कळणार कसे?

आणि त्यात पालावरची माणसे आहेत. याविषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण आपल्या शहरांच्या वेशीवर पाल टाकून बसलेले पारधी, वैदू, डोंबारी, मसणजोगी हे बांधव कुठल्याच मोजणीत नीट बसत नाहीत. पालाला प्रगणक घर म्हणेल की नाही हे त्याच्या मर्जीवर. आणि मोजणीच्या रात्री पाल कुठल्या गावच्या हद्दीत असेल हे दैवावर. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण सहज वापरतो. त्यांचे बिऱ्हाड पाठीवर कुणी ठेवले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जन्मानेच माणसांना गुन्हेगार ठरवले. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती झाल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते मुक्त झाले, तरी गावाने त्यांना जागा दिली नाही. आजही चोरी झाली की पोलीस आधी पालावर येतात. जागा नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून जागेच्या योजनेत नाव नाही. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या तीन पिढ्या एका गावी कधी चार महिने राहू शकल्या नाहीत, त्यांनी तो आणायचा कुठून?

२०११ मध्ये राज्याने यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. ग्रामीण भागात एक हेक्टर जागेत वीस कुटुंबांना प्रत्येकी पाच गुंठे जमीन आणि त्यावर घर, असे तिचे स्वरूप. योजना चांगली आहे. अडते ती लाभार्थ्यांच्या यादीपाशी आणि गायरान देण्यास गावाने घेतलेल्या हरकतीपाशी. पहिली अडचण आपली वही सोडवू शकते. दुसरी सोडवायची तर गावात जाऊन बोलावे लागेल, आणि ते बोलणे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला जमणार नाही, कारण हरकत घेणारे पुष्कळदा आपलेच असतात. यमगरवाडीला गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारध्यांच्या मुलांसाठी शाळा उभी केली, तिची सुरुवातही पालावर जाऊन बसण्यातून झाली. आज तिच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो, पण आपल्या गावाबाहेरच्या पालावर किती जण गेलो आहोत, हेही मोजावे.

कागदपत्रांबाबत एक दिलासा आहे. २०१६ च्या आधार कायद्याच्या पाचव्या कलमात भटक्या जमाती आणि कायम निवास नसलेल्या व्यक्तींना आधार देण्यासाठी विशेष उपाय करावेत असे स्पष्ट लिहिले आहे. निवडणूक आयोगाच्या नियमांत तर अधिक सुंदर तरतूद आहे. बेघर माणसाने मतदार नोंदणीचा अर्ज केला तर त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही. मतदान केंद्र पातळीवरील अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन तो तिथे खरोखर झोपतो का हे एकाहून अधिक वेळा पाहायचे. त्याचे झोपणे हाच त्याचा पत्ता. ही तरतूद बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे. प्रत्येक प्रभागात दहा जणांची नोंद अशा पद्धतीने करून दाखवावी. उरलेल्यांची वाट मोकळी होईल.

एक सावधानतेचा शब्द. ही यादी चुकीच्या हाती गेली तर ती उपकाराऐवजी अपकार करील. मुंबईच्या १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात निर्वाहाचे दृश्य साधन नसताना भटकणारा माणूसही भिकाऱ्याच्या व्याख्येत आला. पाहुणे येणार असले की शहराच्या चौकांतून माणसे उचलली जातात आणि मोठ्या गाडीत घालून वेशीबाहेर सोडली जातात. दुसऱ्या दिवशी मोजले तर आकडा घटलेला दिसतो. अशी घट मला नको आहे, तुम्हालाही नको असावी. म्हणून यादीत आणखी एक रकाना हवा. गेल्या महिन्यात होता आणि आता नाही, तो कुठे गेला? खोलीत गेला, घरी परतला, निवाऱ्यात गेला, रुग्णालयात आहे, तुरुंगात आहे, मरण पावला, की ठाऊक नाही? 'ठाऊक नाही' ही संख्या मोठी असेल तर आपली घट खोटी आहे असे समजावे.

कुणी विचारील, यादीत जात-धर्म लिहायचा का? जातीचा दाखला मिळवून द्यायचा असेल त्यापुरती जात लिहावी. एखाद्याला गाळण्यासाठी काहीही लिहू नये. कुणाच्या नागरिकत्वाविषयी शंका असेल तर ती तपासायला कायदा आणि यंत्रणा आहे; रात्री एक वाजता थंडीत कुडकुडणाऱ्यासमोर कार्यकर्त्याने ते काम आपल्याकडे घ्यायचे कारण नाही.

ब्लँकेटांविषयीही स्पष्ट बोलतो, कुणी वाईट वाटून घेऊ नये. जानेवारीत एकाच चौकात तीन संस्था येऊन ब्लँकेटे देतात आणि पलीकडच्या गल्लीत कुणीच जात नाही. सकाळी ती ब्लँकेटे ठेवायला जागा नसते म्हणून विकली जातात किंवा पालिकेची गाडी उचलून नेते. मग आपण म्हणतो, यांना दिलेले टिकत नाही. वही हाती असती तर ब्लँकेट कुणाला आणि पेटी कुणाला हे कळले असते. अंत्योदय हा शब्द आपण भाषणांत वापरतो. रांगेतला शेवटचा माणूस शोधायचा तर आधी रांग लिहून काढावी लागते.

मृत्यूचा रकाना मी मघाशी ओझरता सांगितला. रस्त्यावर मेलेल्या माणसाची पोलीस दप्तरी नोंद होते ती 'अनोळखी इसम' म्हणून, आणि देह 'बेवारस' ठरतो. ज्या प्रभागात वही असेल तिथल्या कार्यकर्त्याला ठाण्यात जाऊन सांगता येईल की हा अनोळखी नाही, याचे नाव अमुक, हा तमुक जिल्ह्यातला, याची बहीण त्या गावी आहे. एवढे सांगता आले तर त्याला अग्नी देणारा किंवा माती देणारा कुणीतरी येऊ शकतो.

आता तारखांचे पाहू. पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा तिचा संदर्भकाळ ठरला. २०११ प्रमाणे बेघरांची गणना त्याच सुमारास एका रात्रीत व्हावी अशी अपेक्षा आहे. प्रगणक बहुधा शाळेतले शिक्षक असतील, त्यांच्यापाशी एक रात्र असेल आणि त्यांना गल्ल्या ठाऊक नसतील. त्याआधी आपली पहिली फेरी पावसाळ्यात आणि दुसरी कडाक्याच्या थंडीत व्हावी. दोन्ही फेऱ्यांतून झालेला नकाशा, म्हणजे कोणत्या पुलाखाली, कोणत्या फलाटावर, कोणत्या मैदानाच्या कडेला किती पथाऱ्या आणि किती पाले, एवढाच, नावांशिवाय, प्रभागाच्या जनगणना अधिकाऱ्याला लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. त्या रात्री प्रत्येक प्रगणकाबरोबर चालायला दोघे, त्यांत एक भगिनी, अशी नावे आज वर्ग संपण्यापूर्वी व्यवस्थाप्रमुखांकडे द्यावीत. वह्या बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत.